सेवेला सुट्टी असते का?



12 मे ला आपल्या ग्रुपवर परिचारिका दिनाचे मेसेज आले. हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र, खाली हात जोडलेले. मीही ते चित्र चार ठिकाणी पुढे पाठवलं. त्यातलं एक माझ्या भाचीला गेलं. ती माझ्या नणंदेची मुलगी, बेळगावात एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. तिचं उत्तर आलं नाही. दोन निळ्या खुणा दिसल्या, एवढंच.

पुढच्या रविवारी ती निपाणीला आली. आपल्या केंद्रात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बी.पी. आणि शुगर तपासायची सेवा असते, ती गेली तीन वर्षं तीच करते, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. पण त्या दिवशी दुसरा रविवार नव्हता. ती सरळ माझ्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली. मी चहा ठेवला. ती म्हणाली, "मामी, तुम्हाला एक विचारू? रागावू नका."

"विचार की."

"मी दवाखान्याबाहेर दुसरं काहीतरी काम बघतो म्हणतो. आठवड्यातनं एक-दोन दिवस. नोकरी सोडत नाही. पण ज्याच्यात पेशंट नाही असं काहीतरी पाहिजे. मी थकलो बघा."

आता मी काय बोलले ते लपवत नाही. मी म्हणाले, "अगं, रुग्णसेवा म्हणजे ईश्वरसेवा. लोकांना असं काम मिळायला पुण्य लागतं. सेवेचा कुठं कंटाळा करायचा असतो? आणि आधीच थकलीस म्हणतेस, वर अजून एक काम कशाला?"

ती चहाच्या कपाकडे बघत बसली. मग हळूच म्हणाली, "आमच्या दवाखान्याचे साहेब पण हेच बोलतात. आणि मग डबल ड्युटी लावतात."

भगिनींनो, तो शब्द मला लागला. त्यातला प्रश्न मी गेले काही दिवस मनात घोळवते आहे, तो आज आपल्यापुढे ठेवते. दुसऱ्याची शुश्रूषा हेच ज्याचं काम, त्याने त्या कामातून थोडी मोकळीक मागितली, मन रमवायला दुसरं काम शोधलं, तर तो सेवेत कमी पडला का?

आधी आपण आपल्याकडे बघू. मी केंद्रात सेवा करते. गुरुवारी दोन तास भाजी चिरते, उत्सवात पंगतीत वाढते. दमते, पण घरी येताना प्रसाद आणि समाधान दोन्ही घेऊन येते. एखाद्या दिवशी गुडघा दुखत असेल तर फोन करून सांगते, "आज जमणार नाही." कुणी रागावत नाही. माझ्या भाचीला ही सोय नाही. तिचं काम आठ तासांचं, पण पुढच्या पाळीची मुलगी आली नाही की बारा तासांचं, कधी सोळा तासांचं होतं. नाही म्हटलं तर पगार कापतात. नाही म्हणायची सोय असते म्हणून आपल्या कामाला सेवेची गोडी येते. ती सोय नसताना केलेल्या कामाला कष्ट म्हणायचं. त्या कष्टाला मोल द्यावं लागतं आणि विसावाही द्यावा लागतो. आपण दोन्हीला सेवा हा एकच शब्द वापरतो, आणि मग त्याच शब्दाने थकलेल्या माणसाचं तोंड बंद करतो. मी नेमकं तेच केलं होतं.

मग मी थोडं वाचलं. अशा थकण्याला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. जळून विझणं म्हणा. दिवसभर राबून आलेला थकवा रात्री झोपलं की जातो, हा जात नाही. 1974 साली अमेरिकेतल्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर लेख लिहिला. गंमत बघा, हे त्यांना कुणा कारखान्यात किंवा कचेरीत दिसलं नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये गरिबांसाठी मोफत दवाखाना होता. दिवसा स्वतःचं काम करून ते रात्री तिथे विनामूल्य जायचे. तिथली तळमळीने राबणारी माणसंच काही महिन्यांत विझायला लागली, चिडकी झाली, हे त्यांनी पाहिलं. त्यांचं स्वतःचंही तेच झालं. म्हणजे हा त्रास कामचुकार माणसाचा नाही. जो जीव ओतून करतो, तोच आधी रिकामा होतो.

2019 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची तीन लक्षणं सांगितली. एक, अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं. दोन, कामापासून मन तुटणं, त्याविषयी कडवटपणा येणं. तीन, आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. आणि संघटनेने हेही सांगितलं की हा आजार म्हणून धरलेला नाही. कामाच्या जागेचा ताण दीर्घकाळ तसाच राहिला, त्यावर नीट उपाय झाला नाही, की त्यातून ही अवस्था येते.

दुसरं लक्षण वाचलं तेव्हा मला भाचीचं त्या दिवशीचं बोलणं आठवलं. ती म्हणाली होती, "मामी, परवा पहाटे एक म्हातारे आजोबा गेले. आठ दिवस मीच त्यांना बघत होतो. ते गेले आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला माहीत आहे? एक बेड रिकामा झाला, आता जरा बसायला मिळेल. मग मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. ते गेले म्हणून नाही, मी अशी झालो म्हणून."

मी अशी झालो म्हणून. हे वाक्य मी विसरू शकत नाही, कारण असं वाक्य माझ्याकडेही आहे.

माझ्या सासूबाई अर्धांगवायूने पाच वर्षं अंथरुणावर होत्या. ऊठबस, आंघोळ, कूस बदलणं, भरवणं सगळं मी केलं. लोक माझं कौतुक करायचे. पण तिसऱ्या वर्षी एका रात्री, चौथ्यांदा चादर बदलताना मनात आलं, देवा, आता सुटका कर. कुणाची सुटका मी मागत होते, ते मला आजही सांगता येत नाही.

त्याच सुमारास मी साड्यांना फॉल लावायचं काम धरलं. गल्लीतल्या शिंपीणबाईंकडे साड्यांचा ढीग पडलेला असायचा. पिको त्या मशीनवर करायच्या, हातशिलाईचा फॉल मी दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की लावायची. आमच्या ह्यांनी विचारलं, "पैशाला काय कमी पडलं?" पैशाला कमी नव्हतं. मिळायचे तेही थोडेच. पण एक गोष्ट मिळायची. साडी हातात घेतली की तासाभरात काम पुरं व्हायचं. घडी घालून बाजूला ठेवली की ती परत मळत नव्हती, कण्हत नव्हती, हाक मारत नव्हती. शुश्रूषेचं काम कधी उरकत नाही. आज स्वच्छ केलेलं उद्या परत करायचं, आणि इतकं करूनही माणूस शेवटी जाणारच असतो. मनाला मधूनमधून एखादं उरकणारं काम लागतं. त्या फॉलने मला सासूबाईंजवळ परत बसायची ताकद दिली. फॉल लावून उठले की त्यांच्याशी माझा आवाज मऊ असायचा, हे त्यांनाही कळत होतं. एकदा अडखळत म्हणाल्या, "आज साडी केलीस वाटतं."

हे सगळं स्वतः भोगूनसुद्धा भाचीला मी ते उत्तर दिलं. माणूस स्वतःचं किती लवकर विसरतो बघा.

तेव्हा माझ्या प्रश्नाचा पहिला भाग मला सुटला असं वाटतं. मोकळीक शोधणं म्हणजे सेवेत कमी पडणं नव्हे. विहिरीला झरा लागतो, नुसतं उपसत राहिलं तर तळाचा गाळ वर येतो. रुग्णाला गाळ पाजण्यापेक्षा पाणी भरेपर्यंत थांबलेलं बरं.

आता दुसरा भाग. दुसरं काम धरलं की मोकळीक मिळतेच का? तर नाही. इथे सावध राहायला हवं.

जोडधंदा हा शब्द आपल्या भागाला नवा नाही. शेतीला जोड म्हणून म्हैस पाळायची, डेअरीला दूध घालायचं. निपाणीत तर कितीतरी बायकांनी घरचं सगळं उरकून मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या आणि पोरं शिकवली. त्यांना मन रमवायला काम नको होतं, चूल पेटवायला हवं होतं. कंबर मोडली तरी त्या वळत राहिल्या. त्यांच्या कामाला विरंगुळा म्हटलं तर ती त्यांची थट्टा होईल.

म्हणून मी भाचीला विचारलं, "तुला पैसा कमी पडतो की श्वास?" ती म्हणाली, "दोन्ही. पण आधी श्वास."

तिच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, दुसऱ्या एका दवाखान्यात आठवड्यातून दोन रात्री. पैसे बरे होते. दुसरी, एका श्रीमंत घरी म्हाताऱ्या बाईंजवळ बसायचं. तिसरी, बेळगावातल्या एका साडीच्या दुकानातून फॉलचं काम आणायचं. ते तिने लहानपणी माझ्याकडे बघून शिकलेलं.

आम्ही दोघींनी बसून एक कसोटी ठरवली. त्या कामात मनाचा तोच कोपरा लागतो का, जो दवाखान्यात झिजला आहे? पहिल्या दोन वाटांवर तोच लागत होता. तिथे परत कुणाचं तरी दुखणं, परत रात्रीचं जागरण. जखम झालेल्या हातानेच दुसरं ओझं उचलण्यासारखं ते होतं. दुसरी कसोटी झोपेची. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, झोप, जागरण, काम या सगळ्याला माप सांगितलं आहे, हे आपण पारायणात वाचतो. मग नवीन काम झोपेतून तास कापून घेणार असेल तर त्याला विसावा कसं म्हणायचं? शिवाय जागरण झालेल्या नर्सच्या हातून औषधाची मात्रा चुकली तर त्याची किंमत भलताच कुणी मोजतो. तिसरी कसोटी व्यवहाराची. सरकारी नोकरीत परवानगीशिवाय दुसरा धंदा करता येत नाही. खासगी ठिकाणीही नेमणुकीच्या कागदावर काय लिहिलं आहे ते आधी वाचावं. लपूनछपून केलेल्या कामात धाकधूकच जास्त, विसावा नाही.

आणि चौथी कसोटी आपल्या शेजारच्या कन्नड परंपरेतून घेतली. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा हे शरण जोडपं होतं. अक्की म्हणजे तांदूळ. मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणायचा, त्यातच घर चालायचं आणि जंगमांना जेवण घडायचं. हेच त्यांचं कायक. एक दिवस तो रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला. लक्कम्माने ते घरात ठेवून घेतले नाहीत. म्हणाली, आपल्याला एवढ्याची गरज नाही, जादाचे जिथून आणले तिथे ठेवून या. ही गोष्ट मी भाचीला सांगितली तेव्हा ती हसली, "म्हणजे जोडकाम करू नको म्हणता?" मी म्हटलं, नाही. लक्कम्माने पोत्याकडे पाहिलं नाही, गरजेकडे पाहिलं. तुझ्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे, ते फेडणं ही गरज आहे, लोभ नव्हे. पण ज्या दिवशी फॉलच्या साड्यांचा ढीग बघून तुला दवाखान्यासारखीच धडकी भरेल, त्या दिवशी जादाच्या साड्या परत करून ये.

इथे कुणी म्हणेल, ताई, सगळ्या नर्सा अशा दुसरीकडे मन लावायला लागल्या तर रुग्णांनी काय करायचं? प्रश्न खरा आहे. याला उत्तर मला एका दुःखद गोष्टीत सापडलं. अरुणा शानबाग आपल्याच कर्नाटकातल्या हळदीपूरची मुलगी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात नर्स होती. नोव्हेंबर 1973 मध्ये तिथल्याच एका कामगाराने तिच्यावर अत्याचार केला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. 18 मे 2015 ला ती गेली. ही जवळजवळ 42 वर्षं तिला केईएमच्या नर्सांनी सांभाळलं. तिला शांतपणे जाऊ द्यावं असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात झाला, तेव्हा त्या नर्सांनी विरोध केला, आम्ही तिचं करतो म्हणाल्या. 2011 साली न्यायालयाने त्यांचं ऐकलं. यातला योग्य-अयोग्याचा वाद मोठा आहे, तो मी इथे काढत नाही. मला एवढंच दिसलं की ही 42 वर्षं एका बाईने काढली नाहीत. पाळ्या बदलल्या, जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. वाटून घेतली म्हणूनच ती सेवा इतकी टिकली. एकटीवर टाकली असती तर वर्षभरात सेवाही गेली असती आणि ती बाईही.

आणि ज्या दिवेवाल्या बाईचं चित्र आपण पाठवतो, ती फ्लॉरेन्स नाइटिंगेल. क्रिमियाच्या युद्धातल्या जखमींजवळ ती 1854 ते 1856, म्हणजे दोन वर्षांहूनही कमी काळ होती. परत आली ती आजारी होऊन. पुढची कितीतरी वर्षं तिने खोलीत, अंथरुणावरून काम केलं. आकडे मांडले, पुस्तकं लिहिली, रुग्णालयं कशी असावीत ते सांगितलं. हिंदुस्थानात कधी आली नाही, पण इथल्या सांडपाण्याची, आरोग्याची काळजी करत राहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. 1910 साली गेली. म्हणजे तिची सेवा दिव्यापुरती नव्हती. लेखणी हातात घेतली म्हणून ती कमी झाली असं कुणी म्हणत नाही.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय लेख संपवला तर तो अर्धवट राहील. फॉल लावून मनाला विसावा मिळेल, वॉर्डातली गर्दी कमी होणार नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या मापाप्रमाणे साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स हवी, जिथे डॉक्टर-नर्स शिकतात तिथे तिघांमागे एक. भाचीकडे रात्रपाळीला चौदा असतात. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली खासगी दवाखान्यांतल्या नर्सांच्या पगाराचा प्रश्न तज्ज्ञ समितीकडे दिला, तेव्हा समितीने शिफारस केली की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातही महिना 20,000 रुपयांपेक्षा कमी पगार नसावा. आपल्या ओळखीच्या एखाद्या नर्स मुलीला विचारून बघा, तिला किती मिळतात. तिच्या थकण्याचं अर्धं कारण मनात नसून या हिशेबात आहे. "ध्यान कर, नाम घे, बरं वाटेल" हे आपण तिला जरूर सांगावं, पण चौदा रुग्णांचा हिशेब झाकायला सांगू नये.

आणि तिच्यावरच्या ओझ्यातलं थोडं आपलंही आहे. आपला माणूस दवाखान्यात असला की आपणच ओरडतो, "सिस्टर, सलाईन संपली! सिस्टर, कितीदा हाक मारायची!" डॉक्टरांपुढे हात जोडतो आणि राग तिच्यावर काढतो.

माझ्या वाट्याचं सांगते. त्या रविवारी ती जाताना म्हणाली, "येतो मामी. दुसऱ्या रविवारी येतोच की बी.पी.ला." आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. महिन्यातला तिच्या सुट्टीचा एक रविवार गेली तीन वर्षं मीच घेत होते. पहाटेची एस.टी., 75-80 किलोमीटर, तवंदी घाट उतरून इथे यायचं, साठ-सत्तर जणांचं बी.पी. बघायचं आणि संध्याकाळी परत जाऊन रात्रपाळी धरायची. सेवेकऱ्यांची यादी माझ्याकडे असते. मी तिला कधी विचारलंच नव्हतं, नाव पुढे लिहीत गेले होते. वर तिलाच सांगत होते, सेवेचा कंटाळा करू नये.

मी यादीतून तिचं नाव काढलं आहे. ती म्हणाली, "मामी, पाप लागेल काय?" मी म्हटलं, लागलं तर मला लागू दे. तपासणीसाठी आता दोन निवृत्त सिस्टर पाळीपाळीने येणार आहेत. कुणी आलं नाही तर त्या महिन्याला तपासणी होणार नाही.

ती सध्या आठवड्याला चार-पाच साड्या करते. सगळं छान झालं असं नाही. वॉर्ड बदलून मागितला आहे, अजून मिळालेला नाही. एखाद्या आठवड्यात सुईला हातही लावत नाही, नुसती झोपते. मी विचारत नाही. परवा तिचा फोन आला. म्हणाली, एका आजीचा हात बराच वेळ धरून बसलो होतो, उठावंसं वाटलं नाही. एवढंच सांगून फोन ठेवला.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे सेवेच्या याद्या आहेत त्या सगळ्या ताईंना विनंती आहे. येत्या उत्सवाची यादी करण्याआधी एकेका नावापुढे थांबा आणि फोन करून विचारा, "तुला खरंच जमेल का?" आणि ती नाही म्हणाली तर "बरं" म्हणा. पुढे काही बोलू नका.

आपली एक सेवेकरी भगिनी,
निपाणी
🙏